रात्रीचा कॉम्प्युटर आणि थरथरणारा स्वर

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हा त्याचा मजकूर. बोलताना माझ्या तोंडी दर दोन वाक्यांनी 'म्हणजे बघा' येतं, ते बरंचसं कापलंय. सगळं नाही कापलं, नाहीतर हे मीच बोलतेय असं तुम्हाला वाटायचं नाही.

तर सुरुवात एका फोनपासून.

मागच्या महिन्यात ताईचा फोन आला. भाचा यंदा दहावीला आहे. ताई म्हणाली, "तुझं ऐकतो तो. त्याला जरा समजाव. दिवसभर मोबाइलवर टुकटुक करत असतो. विचारलं तर म्हणतो, गाणी बनवतोय. त्याला सांग, आधी सायन्स घे, कॉम्प्युटर कर, नोकरी लागू दे, मग काय ती गाणी कर."

मला हसू आलं, आणि पोटात थोडं कालवलंसुद्धा. कारण हे वाक्य मी आधी ऐकलंय. मी सात वर्षं तबला शिकत होते. दहावीच्या सुट्टीत बाबा म्हणाले होते, "तबला काय पळून जातोय का? आधी बारावी होऊ दे." बाबांचं चुकलं नाही. तबला पळून गेला नाही, माळ्यावर गेला. मी इंजिनिअर झाले. आता हा पॉडकास्ट एडिट करताना कानाला हेडफोन लावून बसते, तेव्हा कधीकधी बोटं टेबलावर आपोआप तीनताल वाजवायला लागतात. बस, तेवढंच उरलंय.

ताईला म्हटलं, "दोन दिवस दे, विचार करून बोलते त्याच्याशी." आणि मग मला एका माणसाची गोष्ट आठवली. कॉलेजात असताना अर्धीमुर्धी ऐकली होती. या वेळी नीट बसून वाचली. तीच आज सांगते. भाच्याला काय सांगितलं, ते शेवटी.

फोन कंपनीत सूर

गोष्ट अमेरिकेतली आहे. आधी १९५७ सालात जाऊ. तिथल्या टेलिफोन कंपनीची एक मोठी प्रयोगशाळा होती, बेल लॅब्ज. ट्रान्झिस्टर जिथे जन्मला, ती. तिथे मॅक्स मॅथ्यूज नावाचा इंजिनिअर काम करायचा. फोनवरचं बोलणं आकड्यांमध्ये कसं बदलायचं आणि आकड्यांतून पुन्हा आवाज कसा काढायचा, हा त्याच्या विभागाचा प्रश्न होता. फोन कंपनीला असे प्रश्न पडणारच.

पण मॅथ्यूज घरी व्हायोलिन वाजवायचा. त्याच्या डोक्यात आलं, की आकड्यांतून बोलणं निघतं तर सूर का निघू नये? त्यानं एक प्रोग्रॅम लिहिला, नाव 'म्युझिक वन'. खोलीभर पसरलेल्या आयबीएम ७०४ या कॉम्प्युटरवर तो चालवला. त्यातून निघालेली पहिली रचना होती १७ सेकंदांची. हो, १७ सेकंद! आज तुम्ही त्याहून मोठी रील स्क्रोल करून टाकता.

१९६३ मध्ये मॅथ्यूजनं 'सायन्स' या नियतकालिकात लेख लिहिला. मुद्दा साधा होता. कानाला ऐकू येणारा कुठलाही आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. तो चढउतार आकड्यांत लिहिता येतो. मग तत्त्वतः कॉम्प्युटर कुठलाही आवाज काढू शकतो. व्हायोलिनला तारांची मर्यादा आहे, बासरीला भोकांची. कॉम्प्युटरला अशी मर्यादाच नाही.

वाचायला भारी वाटतं. पण एक मोठी मेख होती. कॉम्प्युटर 'कुठलाही' आवाज काढू शकतो, पण नेमका कुठला काढायचा आणि त्यासाठी आकडे कुठले द्यायचे, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं ना! सुरुवातीचे आवाज त्यामुळे अगदी कोरडे यायचे. बीप, बूप. मेलेले आवाज. जिवंत वाद्याच्या जवळपासही नाहीत.

ड्रम वाजवणारा विद्यार्थी

आता आपला नायक. जॉन चाउनिंग. जन्म १९३४, न्यू जर्सी. वाद्य म्हणाल तर तालवाद्यं. म्हणजे आमच्याच बिरादरीतला! नौदलाच्या संगीत शाळेत शिकला, मग पॅरिसला जाऊन नाद्या बुलाँजे या नामवंत शिक्षिकेकडे संगीतरचना शिकला. पॅरिसमध्ये त्यानं लाउडस्पीकरमधून वाजणारं नवं इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकलं, आणि ते डोक्यात पक्कं बसलं. १९६२ मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात पुढचं शिकायला आला. तिथे इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओच नव्हता.

विद्यापीठाच्या ऑर्केस्ट्रात त्याच्यासोबत वाजवणाऱ्या एका व्यक्तीनं मॅथ्यूजचा तो लेख त्याच्या हातात ठेवला. लक्षात घ्या, या माणसानं आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. इंजिनिअरिंगचं शिक्षण शून्य. पण लेखातला एक विचार त्याला लागला. स्टुडिओ नसला तरी चालेल. कॉम्प्युटर आणि स्पीकर असला की झालं.

मग त्यानं काय केलं? प्रोग्रामिंगचा एक कोर्स केला, आपल्याला हे जमतंय का ते बघायला. जमतंय म्हटल्यावर १९६४ च्या उन्हाळ्यात थेट बेल लॅब्ज गाठली, मॅथ्यूजला भेटला, आणि परत येताना त्याच्या हातात होता पंच कार्डांचा एक खोका. त्या खोक्यात होता मॅथ्यूजचा पुढचा प्रोग्रॅम, 'म्युझिक फोर'. तेव्हा प्रोग्रॅम असा भोकं पाडलेल्या कार्डांवर असायचा. आपण पेनड्राइव्ह खिशात घालून आणतो, तसा त्यानं तो खोका काखेत मारून आणला.

आता खोका आहे, पण चालवायचा कसा? इथे धावून आला डेव्हिड पूल नावाचा एक विद्यार्थी. कॉम्प्युटरमधला किडा, आणि वाजवायचा ट्युबा, म्हणजे ते भलंमोठं पितळी वाद्य. एक ड्रमवाला आणि एक ट्युबावाला, अशी टीम तयार झाली.

रात्रपाळी

स्टॅनफर्डमध्ये तेव्हा जॉन मॅकार्थी या संशोधकाची आर्टिफिशियल इंटेलिजन्सची प्रयोगशाळा होती. हो, एआय. हा शब्द तुम्ही आज दिवसातून वीसदा ऐकता, तो रूढ करणारा हाच माणूस. कॅम्पसपासून दूर टेकड्यांमधल्या एका इमारतीत ही लॅब होती आणि तिला पैसा यायचा अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडून. तिथे कॅमेऱ्यातून बघणारे रोबोटचे हात, बुद्धिबळ, भाषा असे विषय चालायचे. आणि रात्री, शनिवार-रविवारी, मशीन मोकळं असलं की संगीत विभागातली ही मंडळी यायची.

मला या गोष्टीतला हा भाग फार आवडतो. यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी हाकललंही नाही. मॅकार्थीच्या लॅबनं दार उघडं ठेवलं, इतकंच.

पण काम सोपं नव्हतं. आवाजाला आकडे किती लागतात याचा अंदाज देते. सीडीच्या दर्जाच्या आवाजात एका सेकंदाला ४४,१०० आकडे असतात, तेही एका स्पीकरसाठी. तेव्हा इतक्या दर्जाचं काम नव्हतं, तरी सेकंदाला हजारो आकडे लागायचेच. मशीन इतरांसोबत वाटून घेतलेलं. त्यामुळे काही सेकंदांचा आवाज ऐकायला कित्येक मिनिटं थांबायचं. आकडे टाका, थांबा, ऐका. आवडलं नाही, आकडे बदला, पुन्हा थांबा.

अशा रात्री तो काढत होता. शोधत मात्र होता वेगळंच काहीतरी. चार स्पीकर चार कोपऱ्यांत ठेवून आवाज खोलीत फिरवायचा, तुमच्या डोक्यावरून पलीकडे न्यायचा, लांब जाताना तो लांब गेल्यासारखा वाटला पाहिजे, असा त्याचा ध्यास होता. पण कोरडा, सपाट, एकसुरी आवाज नेमका कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही. त्या आवाजात आतून काहीतरी हलायला हवं होतं. म्हणून तो स्वराला व्हायब्रेटो देऊन बघायला लागला.

फुलबाजी फिरवा

व्हायब्रेटो म्हणजे काय? गाणारा लांब स्वर धरतो तेव्हा तो स्वर किंचित वरखाली थरथरतो, सेकंदाला साधारण पाच-सहा वेळा. आपल्याकडे आंदोलन म्हणतात, त्याच्या जवळपासचं. कॉम्प्युटरवर हे करायला दोन गोष्टी लागतात. एक मूळ स्वर आणि दुसरा त्याला हलवणारा. दुसरा पहिल्याला धरून वरखाली हलवतो.

१९६७ मध्ये एका रात्री चाउनिंगनं हे हलवणं वाढवायला सुरुवात केली. सेकंदाला सहा वेळा हलतंय ना, मग दहा करू. वीस करू. आणि नुसता वेग वाढवायचा नाही, किती वरखाली न्यायचं तेही वाढवायचं. असं करत करत तो अशा जागी पोचला, जिथे थरथर ऐकू येईनाशी झाली. आणि तिच्या जागी एक नवाच आवाज आला. भरलेला, रंगीत, आत खूप काही चाललेला.

काय झालं असेल? दिवाळीतली फुलबाजी आठवा. हळू फिरवली तर आपल्याला ठिणगी इकडून तिकडे जाताना दिसते. जोरात गरागरा फिरवली तर? ठिणगी दिसेनाशी होते आणि हवेत प्रकाशाचं कडं दिसतं. ठिणगी एकच आहे. आपल्या डोळ्याला ती आता वेगळी काही दिसते. कानाचंही काहीसं तसंच. हलणं एका वेगाच्या पलीकडे गेलं, की कान त्याला हलणं म्हणत नाही, आवाजाचा पोत म्हणतो.

[ध्वनी: एक लांब स्वर. थरथर हळूहळू वाढत जाते आणि शेवटी घंटेसारखा नाद ऐकू येतो.]

हा जो आवाज आत्ता वाजवला, तो फक्त दोन आकड्यांतून आलाय. मूळ स्वर सेकंदाला २०० कंपनांचा. त्याला हलवणारा २८० चा. झाली देवळातली घंटा. दोन्ही २०० ठेवले तर पितळी वाद्यांच्या वळणाचा आवाज येतो.

असं का होतं, हे थोडक्यात सांगते. माझा तबला इथे कामाला येईल. कुठल्याही वाद्याचा स्वर एकटा नसतो. त्याच्यासोबत वरचे बारीक बारीक स्वर वाजत असतात. ते मुख्य स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे हिशोबात बसले, तर आवाज सुरेल लागतो. साध्या ढोलाच्या कातड्यात ते हिशोबात बसत नाहीत. आपल्या तबल्याला मात्र शाई असते, आणि शाईचं वजन त्या वरच्या स्वरांना हिशोबात आणून बसवतं. म्हणून तबला सुरात लावता येतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच यावर लिहिलंय.

तर आता कॉम्प्युटरवर तबला बनवायचाय किंवा ट्रंपेट, तर जुना रस्ता असा होता, की प्रत्येक वरच्या स्वरासाठी एकेक वेगळा सूर तयार करा आणि सगळे एकत्र मिसळा. वीस-तीस सूर, प्रत्येकाचा चढउतार वेगळा. त्या काळच्या मशीनचा दम निघायचा. चाउनिंगच्या पद्धतीत एक स्वर दुसऱ्याला हलवतो आणि आजूबाजूला स्वरांची अख्खी रांग आपोआप उभी राहते. किती हलवायचं ते वाढवलं, की रांग लांब होते. दोन माणसांत वीस माणसांचं काम!

गंमत म्हणजे, यामागचं गणित नवीन नव्हतं. रिक्षात जो एफएम रेडिओ लागतो ना, त्यातलं 'एफएम' हेच. फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन. रेडिओ इंजिनिअरांना हे कित्येक दशकं माहीत होतं. पण रेडिओच्या लहरी सेकंदाला कोट्यवधी कंपनांच्या, कानाला न ऐकू येणाऱ्या. दोन्ही लहरी ऐकू येतील इतक्या खाली आणल्या तर काय होईल, हे ऐकून बघायची वेळ कुणावर आली नव्हती. चाउनिंगला ते आधी ऐकू आलं. गणित त्यानं नंतर समजून घेतलं.

इथे मी थोडी थांबले होते, वाचताना. मी इंजिनिअरिंगला हे गणित शिकलेय. पेपरात सोडवलंय, मार्कही मिळवलेत. आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही, की याचा आवाज कसा असेल. तबला तेव्हा माळ्यावर होता ना!

'हे काय आहे?'

पुढची गोष्ट १९७१ ची. बेल लॅब्जमध्ये झ्याँ-क्लोद रिसे या फ्रेंच संगीतकारानं ट्रंपेटचा अभ्यास केला होता. त्याला दिसलं, की ट्रंपेट जितका जोरात वाजतो तितके वरचे स्वर जास्त येतात. चाउनिंगला हे आठवलं आणि त्यानं विचार केला, की माझ्याकडे तर त्यासाठी एकच खटका आहे. आवाज वाढेल तसं 'हलवणं' वाढवायचं. केलं, आणि पितळी वाद्यांचा आवाज अगदी सहज निघाला. आता हे खेळण्याच्या पलीकडे गेलं होतं.

त्यानं हा शोध विद्यापीठाकडे सोपवला. संशोधन कंपन्यांना विकण्यासाठी स्टॅनफर्डनं नुकतंच एक कार्यालय सुरू केलं होतं. या कार्यालयानं अमेरिकेतल्या ऑर्गन बनवणाऱ्या कंपन्यांना विचारलं. हॅमंडसारखी मोठी नावं होती. मंडळी आली, आवाज ऐकले, आवडलेही. पण मग समोर आकडे आले, कॉम्प्युटर आला, आणि त्यांच्या इंजिनिअरांना कळेना याचं करायचं काय. त्यांचं जग व्हॉल्व्ह, तारा, सर्किटचं. सगळे 'बघू' म्हणून गेले ते गेलेच.

मग कार्यालयानं जपानी यामाहाला विचारलं. पियानोपासून बासरीपर्यंत सगळं बनवणारी कंपनी. त्यांचा इशिमुरा नावाचा तरुण इंजिनिअर आला. चाउनिंग नंतर सांगायचा, की त्याला समजायला दहा मिनिटं लागली. कारण यामाहा आधीच डिजिटल वाद्यांच्या मागे होती. त्यांना प्रश्न माहीत होता, हा माणूस उत्तर घेऊन बसला होता.

आणि याच सुमारास आपल्या नायकाचं काय चाललं होतं? त्याची नोकरी गेली होती.

हो. १९७० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत स्टॅनफर्डनं त्याला कायम करायला नकार दिला. त्याचं काम बसत कुठे होतं, सांगा? संगीत विभागाच्या दृष्टीनं हा माणूस रात्रंदिवस कॉम्प्युटरवर बसतो. कॉम्प्युटरवाल्यांच्या दृष्टीनं हा संगीतकार. बायोडेटा कुठल्या फायलीत लावायचा? तो युरोपात गेला. आणि इकडे विद्यापीठाला कळलं, की ज्याच्या शोधासाठी जपानहून माणसं येताहेत तो माणूस आपल्याकडे नाहीच. १९७५ मध्ये त्याला परत आणलं.

त्याच वर्षी त्यानं सहकाऱ्यांसोबत एक केंद्र सुरू केलं. संगीत आणि ध्वनिशास्त्राच्या कॉम्प्युटर संशोधनाचं केंद्र. इंग्रजी आद्याक्षरं होतात सीसीआरएमए, आणि त्याचा उच्चार ते करतात 'कर्मा'. मी काही बोलत नाही, तुम्हीच हसा.

आठ-नऊ वर्षांची वाट

यामाहाशी करार झाला, पण वाद्य लगेच आलं नाही. लॅबमधल्या मशीननं मिनिटं लावून काढलेला आवाज बोट पट्टीवर पडताक्षणी यायला हवा होता. त्यासाठी खास चिप बनवाव्या लागल्या, आणि त्या स्वस्त व्हाव्या लागल्या. १९७७ मध्ये अमेरिकेत पेटंट मंजूर झालं. पहिली वाद्यं आली ती प्रचंड महाग. आणि मग १९८३ मध्ये आला डीएक्स-७.

६१ पट्ट्या, एका वेळी १६ स्वर, प्रत्येक स्वरामागे सहा लहरी, त्या एकमेकींना हलवायच्या ३२ तऱ्हा. किंमत २,००० डॉलरच्या आत. दीड लाखाहून जास्त विकले गेले, तेव्हा सिंथेसायझरच्या बाबतीत न ऐकलेला आकडा. ऐंशीच्या दशकातली इंग्रजी गाणी काढून ऐका. तो काचेसारखा चमकणारा इलेक्ट्रिक पियानो, ती टणटणीत बेस, त्या घंटा. बऱ्याच ठिकाणी हाच आवाज.

आणि इथे एक वाकडी गोष्टही सांगायला हवी. डीएक्स-७ वर नवीन आवाज बनवणं महाकर्मकठीण होतं. छोटासा पडदा, बटणं, आणि आकडेच आकडे. ब्रायन ईनोसारखे मोजके लोक त्यात खोल उतरले. बाकी बहुतेकांनी कंपनीनं भरून दिलेलेच आवाज वाजवले. म्हणजे 'कुठलाही आवाज' काढू शकणाऱ्या यंत्रातून जगभर तेच पाच-सहा आवाज ऐकू यायला लागले. सोय आली, की शोधणं थांबतं. आज मोबाइलवरच्या तयार बीट्सचं वेगळं काय आहे?

त्याच चिपची लहान भावंडं मग सगळीकडे पसरली. १९८७ चं ॲडलिब आणि १९८९ चं साउंड ब्लास्टर ही कॉम्प्युटरची साउंड कार्डं, सेगाचा मेगा ड्राइव्ह हा गेमिंग कन्सोल, सगळ्यात यामाहाच्या एफएम चिप. जुन्या गेम्सच्या संगीताला जो एक धातूसारखा रंग आहे, तो त्यातूनच आलाय.

आणि २००० च्या आसपास या चिप इतक्या छोट्या झाल्या की मोबाइलमध्ये बसल्या. आठवतात का पॉलिफोनिक रिंगटोन? तुमच्यातले बरेच जण तेव्हा पाळण्यात असतील. आमच्या मामानं नवा फोन घेतला होता, तो वाजला की अख्खं घर गोळा व्हायचं. आजी म्हणायची, "काय गं ही किणकिण, देवपूजा चाललीय का फोनमध्ये?" ती किणकिण त्या काळातल्या अनेक फोनमध्ये एफएमचीच होती.

म्हणजे बघा (हे मुद्दाम ठेवलंय), फोन कंपनीच्या लॅबमध्ये एका इंजिनिअरला व्हायोलिन आठवलं, तिथून निघालेला धागा ड्रमवाल्याच्या रात्रपाळीतून जपानला गेला आणि फिरून फोनमध्येच येऊन वाजला.

स्टॅनफर्डला या एका पेटंटमधून दोन कोटी डॉलरहून जास्त रक्कम मिळाली. एके काळी विद्यापीठाची सर्वांत जास्त कमाई करून देणाऱ्या शोधांत जनुकं जोडण्याच्या तंत्रापाठोपाठ याचं नाव होतं. ज्याला कायम करायला नकार दिला होता त्याच माणसाचा हा शोध.

चाउनिंग मात्र यामाहाच्या यशात रमला नाही. तो रचना करत राहिला. १९७७ मध्ये पॅरिसमध्ये सादर झालेली त्याची 'स्ट्रिया' सुवर्ण गुणोत्तराच्या हिशोबावर उभी आहे. एफएमच्या लहरींमधलं अंतर, स्वरांमधलं अंतर, रचनेचे भाग, सगळं त्या एका आकड्यावर. ऐकून बघा. रात्री, दिवे घालवून, चांगले हेडफोन लावून.

मग भाच्याला काय सांगितलं?

पहिल्यांदा वाटलं होतं, मस्त गोष्ट सापडली. त्याला सांगू, बघ, संगीतातून कोट्यवधी डॉलर येतात, आईला ऐकव. पण ते खोटं झालं असतं. चाउनिंगच्या हातात त्या रात्री कोट्यवधी डॉलर नव्हते. होती ती थांबण्याची मिनिटं, उधारीचं मशीन, आणि पुढे गेलेली नोकरी. असे किती जण रात्रपाळी करून गेले असतील, ज्यांना काहीच सापडलं नाही.

उलट, नुसतं सायन्स घे म्हणणंही मला जमेना. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय, की कला आणि विज्ञान यांच्यात कडक भिंत नको. कागदावरची भिंत पडेलही. जेवणाच्या ताटावर बसून आपण जी भिंत घालतो, ती कोण पाडणार?

शेवटी मी त्याला ही गोष्ट जशी तुम्हाला सांगितली तशीच सांगितली, नोकरी गेल्याच्या भागासकट. आणि म्हटलं, "शाखा कुठली ते तू आणि आई-बाबा बसून ठरवा. माझं एवढंच म्हणणं आहे. गाणी करताना गणित लागलं तर ते शीक, टाळू नकोस. तो ड्रमवाला तिशीत प्रोग्रामिंग शिकला, कारण त्याला एक आवाज हवा होता. आणि गणित शिकताना कान बंद करू नकोस. मी केले होते."

त्यानं विचारलं, "मग तुझा तबला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रविवारी माळ्यावर चढले. कापड काढलं तर तबल्याची शाई तडकलेली, पुडी सैल. दुरुस्तीवाल्या काकांनी हात फिरवून बघितला आणि म्हणाले, "लाकूड चांगलं आहे. पुडी बदलू." आठवड्यानं आणला. बोटं आता मुळीच ऐकत नाहीत. 'धिर धिर' तर हास्यास्पद येतो. पण रोज वीस मिनिटं बसते.

भाच्याला मी 'डेक्सेड' नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर दाखवलंय. डीएक्स-७ चीच नक्कल, कॉम्प्युटरवर चालते. तुम्हीही करून बघा. तयार आवाज बाजूला ठेवा, फक्त दोन लहरी घ्या आणि आकडे बदलत ऐका.

परवा रात्री साडेअकराला त्याचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. नऊ सेकंदांची ऑडिओ फाइल आणि खाली एक ओळ: 'मावशी, २०० आणि २८०. घंटा येते. पण २८३ केलं तर आतून काहीतरी थरथरतं. असं का?'

[ध्वनी: ती नऊ सेकंदांची फाइल.]

मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. म्हटलं, आधी त्याला थोडा वेळ ऐकू दे.

पुढच्या भागात आपल्याच मुंबईत येऊ. पवईच्या आयआयटीत एके काळी शिकवणारे सुलेखनकार र. कृ. जोशी, आणि कॉम्प्युटरवर मराठी टाइप करताना तुम्ही कधी ना कधी पाहिलेला त्यांचा 'मंगल' हा फॉन्ट. तोवर ऐकत राहा, आणि माळ्यावर काही ठेवलं असेल तर एकदा चढून बघा. भेटू!